कैलासचा गोल

कैलास, तुझ्या अंत्यविधीला मी खोटं बोललो. माइकवर बोललो, आणि तू समोरच होतास.

सुरुवात मी केली नव्हती. शेंद्र्याच्या स्मशानभूमीत तुमच्याकडच्या रिवाजाप्रमाणे श्रद्धांजलीची भाषणं सुरू झाली होती. आधी तुझ्या कंपनीतले साहेब बोलले, मग सोसायटीचे चेअरमन, मग एक पुढारी, ज्याला तुझं नाव चिठ्ठीवरून वाचावं लागलं. माइक सांभाळणाऱ्या गुरुजींना मी गर्दीत दिसलो. ते म्हणाले, "आता कैलासरावांचे जिवलग मित्र विनयराव दोन शब्द बोलतील. जादा वेळेत गोल मारून कॉलेजला करंडक मिळवून दिला तो ह्यांनीच. कैलासराव आम्हाला कायम सांगायचे." भर उन्हात उभ्या असलेल्या दोन-तीनशे माणसांनी माझ्याकडे पाहिलं.

मी पुढे गेलो, घसा खाकरला आणि म्हणालो, "त्या गोलमध्ये कैलासचाही मोठा वाटा होता."

वाटा! तुझ्याच गोलमध्ये मी तुला वाटा दिला, तोही तू सरणावर असताना. भाषण संपवून मागे आलो तर लोक पाठीवर हात ठेवू लागले. पागोटं घातलेले एक आजोबा म्हणाले, "मित्र असावा तर असा, गड्या." खरं तर तेव्हाच मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायला हवं होतं. तसं काही झालं नाही. वाटलं, चला, निभावलं. लाज वाटली ती घरी पोचून हातपाय धुताना, आणि तेव्हापासून ती माझ्या मानगुटीवरून उतरलेली नाही.

म्हणून तुला लिहितोय. ज्यांना यातलं काहीच माहीत नाही असे लोकही हे वाचणार आहेत, तेव्हा तुला पाठ असलेलं पुन्हा सांगावं लागेल. कंटाळू नकोस. काही चुकीचं सांगितलं तर अडव, असंही म्हणता येत नाही. तसा तू जिवंतपणीही मला कुठे अडवलंस म्हणा.

आंतरमहाविद्यालयीन फुटबॉलची फायनल होती. बावीस वर्षं झाली. शहराचं नावसुद्धा तेव्हा जुनंच होतं. छावणीकडचं मुरमाड मैदान, चुन्याच्या रेषा, कडेला पाहुण्यांसाठी मंडप. समोर जालन्याचा संघ. आपल्या संघात पुढे खेळणारे भरवशाचे दोघंच, सात नंबरला मी आणि अकरा नंबरला तू. मी कॉलनीतून स्कूटरवर यायचो. तू शेंद्र्याहून एसटीने यायचास, आणि एसटी चुकली तर मिळेल त्या ट्रकमध्ये बसून. आपल्या दोघांच्याही पायात चांगले बूट होते, फक्त तुझे म्हणजे माझेच जुने होते आणि पुढे कागद कोंबलेले, कारण माझा पाय तुझ्यापेक्षा मोठा. कागद कोंबलेल्या बुटांनी तू माझ्याहून चांगला खेळायचास. हे तेव्हा सगळ्यांना माहीत होतं. मलाही होतं.

नव्वद मिनिटं संपली तेव्हा एक-एक अशी बरोबरी. जादा वेळेची पहिली पंधरा मिनिटं कोरडी गेली. दुसऱ्या पंधरा मिनिटांत माझ्या पोटरीत गोळा आला आणि मी खाली बसलो. हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही, तुलाही नाही: अर्धा गोळा होता आणि अर्धी भीती. बरोबरी राहिली असती तर पेनल्टी घ्याव्या लागल्या असत्या, आणि पहिल्या पाचांत माझं नाव होतं. सगळं मैदान बघत असताना ती पेनल्टी मारायची माझी छाती नव्हती. आपल्या सरांनी हात केल्याबरोबर मी लंगडत बाहेर आलो. जरा जास्तच लंगडत आलो.

मी बाकावर टेकतो न टेकतो तोच तू हेडर मारायला उडालास आणि त्यांच्या एका आडदांड खेळाडूचं कोपर तुझ्या नाकावर बसलं. नाकातून धार लागली. रेफ्रीने तुला बाहेर काढलं. रक्ताने भरलेल्या जर्सीत आत उतरता येत नाही, असा नियम. आणि कॉलेजने जेवढे खेळाडू तेवढ्याच जर्सी शिवलेल्या. सर कपाळाला हात लावून उभे. तू तोंडावर पाणी मारलंस, नाकात कापसाचे बोळे कोंबलेस आणि माझ्याजवळ येऊन म्हणालास, "काढ तुही जर्सी. तू तर बसलाच हायेस."

मी सात नंबर काढून दिली. ती घालून तू रेफ्रीसमोर उभा राहिलास. त्याने तुझं नाक बघितलं, जर्सी बघितली, रक्त दिसेना म्हणून हात केला आणि तू आत गेलास. माझ्या जागी घेतलेला बदली खेळाडूही आत गेला. मी उघडाच बसलो होतो. सर खेकसले, "अंगात काहीतरी घाल, पाहुणे बघतायत." मी बाकावर पडलेली तुझी रक्ताळलेली अकरा नंबर घातली.

टेबलावर नोंद ठेवायला दुसऱ्याच कुठल्या कॉलेजचे एक सर बसले होते. एका हातात चहाचा कप, दुसऱ्यात पेन. त्यांनी मान वर करून पाहिलं तर बाकावर रक्ताने माखलेला अकरा नंबर बसलेला. त्यांनी लिहिलं, अकरा बाहेर. त्यांचं तरी काय चुकलं? कागदावर तू बाहेर गेलास आणि मी खेळत राहिलो.

शेवटची दोन-तीन मिनिटं उरली असतील. इरफानने, आपल्या गोलकीपरने, लांब टोला मारला आणि मागून ओरडत सुटला, "भाग कैल्या, भाग! कोई नहीं है!" मला बाकावरून फक्त तुझी पाठ दिसत होती आणि पाठीवर सात. तू पळालास. त्यांचा गोलकीपर पुढे आला. तू मारलास असं मला वाटलं, पण तू मारला नव्हतास, थांबला होतास. तो आडवा झाला आणि मग चेंडू त्याच्यावरून गेला. जाळी फाटकीच होती. चेंडू तिच्यातून निघून पार रस्त्यापर्यंत घरंगळत गेला. सगळे तुझ्या अंगावर पडले. मीही पळत आलो. माझी पोटरी एकदम ठणठणीत झाली होती.

बक्षीस समारंभात माइकवरून पुकारलं गेलं, विजयी गोल, खेळाडू क्रमांक सात, आणि पुढे माझं नाव. मी सरांकडे पाहिलं. सर दातओठ खात जवळ आले. "कुणी तोंड उघडायचं नाही. नंबर बदलून खेळवला म्हणून जालन्याचे लोक तक्रार ठोकतील आणि करंडक जाईल हातचा. चार दिवस गप्प बसा, मग बघू." तुझं नाक वांग्यासारखं सुजलं होतं. तूच मला मागून ढकललंस. "जा ना रं, बोलावू लागले तुला." मी गेलो. त्यांनी हार घातला, आणि मी मान वाकवून घालून घेतला.

ते चार दिवस अजून संपायचेत.

आमच्या अण्णांचं, माझ्या वडिलांचं, तुला सांगायला नको. शाळेत गणित शिकवणारे, फुटबॉलला लाथाळी म्हणणारे. मी परीक्षेत कितीही मार्क आणले तरी "उरलेले कुठे गेले?" एवढंच विचारायचे. दुसऱ्या दिवशी पेपरात माझं नाव आलं आणि हा माणूस सकाळी उठून गुलमंडीवर गेला, पेढे घेऊन आला आणि सगळ्या गल्लीत स्वतःच्या हाताने वाटले. मी त्यांना तसं हसताना कधी बघितलं नव्हतं. नेमका तेव्हाच तू आलास, नाकाला पट्टी लावून. अण्णांनी तुझ्या हातावर पेढा ठेवला आणि म्हणाले, "बघ, शिक काहीतरी ह्याच्याकडून." मी तिथंच, दोन हातांच्या अंतरावर उभा होतो. तू माझ्याकडे एकदा पाहिलंस, "व्हय, अण्णा" म्हणालास आणि वाकून त्यांच्या पाया पडलास. पेढा खाल्लास. दुसरा मागून घेतलास.

तेव्हा मी मूग गिळून बसलो ते अण्णांसाठी, असं मी स्वतःला बरीच वर्षं सांगत आलो.

पुढच्या आठवड्यात विद्यापीठाच्या संघाची यादी लागली. फायनलच्या कागदावरून नावं उचललेली होती; माझं होतं, तुझं नव्हतं. तू म्हणालास, "आपल्यातला एक तर चालला ना." मध्यवर्ती बसस्थानकावर मला सोडायला आलास, तुझ्या आईने केलेल्या दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी घेऊन. मी तिकडे जाऊन तीन सामन्यांत जेमतेम वीस मिनिटं खेळलो. पण प्रमाणपत्र ते प्रमाणपत्रच. त्याच्यावर खेळाडूंच्या राखीव जागेतून मला सरकारी नोकरी लागली. तुमची जमीन औद्योगिक वसाहतीत गेली आणि तिथंच उभ्या राहिलेल्या कंपनीत तू पाळ्या करू लागलास. कधी काळी ज्या बांधावर आपण हुरडा खाल्ला, तिथं आता तुमचं वाहनतळ आहे, असं तू मला हसत दाखवलं होतंस.

माझी खुर्ची तुझीच होती असं मी म्हणत नाही. तू अर्ज केला असतास का, तुला ती मिळाली असती का, कुणी सांगावं. पण हे असं म्हणतानाही मी स्वतःला सूट देतोय, हे कळतंय मला. त्या यादीत तुझं नाव असायला हवं होतं, बस. पुढचं पुढे.

सगळ्यांत वाईट काय, माहीत आहे? मी नुसता गप्प बसलो असतो तरी एक वेळ चाललं असतं. मी बोलत सुटलो. ऑफिसात, लग्नाच्या पंगतीत, सोसायटीच्या गच्चीवर, कुठेही विषय निघाला की मी तो गोल सांगायचो. आधी अडखळत सांगायचो, मग सरावलो, आणि पुढे पुढे तर मला तो मीच मारल्यासारखा आठवायला लागला. गोलकीपर कसा पुढे आला, मी कसा श्वास रोखून थांबलो. श्वास रोखून! बाकावर बसून मी पाण्याची बाटली तोंडाला लावली होती.

आणि तो दौलताबादचा दिवस. तीन वर्षं होतील आता. आपली दोन्ही घरं किल्ल्याला गेलो होतो, सोबत माझ्या ऑफिसातले एक साहेब. खाली उतरून झाडाखाली बसलो. तू पेरू चिरून, मीठ-तिखट लावून सगळ्यांना देत होतास. साहेबांनी गोलचं विचारलं आणि मी सुरू झालो, तुझ्यासमोर, पहिल्यांदाच तुझ्यासमोर. पार शेवटपर्यंत सांगितला. तू मान खाली घालून पेरू चिरत राहिलास. साहेबांनी टाळी दिली तेव्हा तू त्यांच्या हातावर एक फोड ठेवलीस.

गाडीजवळ आलो तेव्हा आपण दोघंच होतो. तू म्हणालास, "विन्या, एकदा तरी खरं सांग. दुनियेला नगं. माह्या रेणूला तरी सांग. ती खेळू लागली आता."

मी उखडलो. कामून उखडलो, विचारशील. कारण तू खरं बोलत होतास, दुसरं काय. "इतक्या वर्षांनी? तेव्हाच का नाही बोललास? आता माझी नोकरी घालवायचीय का तुला?"

"नोकरी कोण मागू लागलंय, बाबा? मला लेकीला सांगायचंय."

"मग तूच सांग की."

"म्या कसं सांगू? म्या सांगितलं तर तू खोटा पडतूस. तू सांग, म्हंजे नीट व्हईल." आणि मग हळूच म्हणालास, "तव्हा अण्णांनी पेढे वाटले व्हते रं. म्या काय बोलणार व्हतो?"

"म्हणजे उपकार केलेस माझ्यावर!" मी म्हणालो. हे माझे शब्द, जसेच्या तसे. तू उरलेल्या पेरूंची पिशवी माझ्या गाडीत ठेवलीस आणि म्हणालास, "चल, ऊन लई हाय. पोरं तापतील." ते भांडण तिथंच राहिलं. मी पुन्हा काढलं नाही, आणि तू तर नाहीच.

मला वाटलं होतं, आता तू माझ्यापासून तुटशील. त्याच वर्षी अण्णा अंथरुणाला खिळले आणि तू पहिली पाळी करून, कंपनीची बस घाटी दवाखान्यापाशी सोडून, दर दोन-तीन दिवसांनी थेट आमच्याकडे यायला लागलास. मला त्यांना उठवून बसवायला जमायचं नाही. तू एका हाताने बसवायचास आणि त्यांची दाढी करायचास. अण्णांची आठवण तेव्हा विस्कटली होती, नातवांची नावं सुटली होती, पण गोल पक्का होता. गालाला साबण लावलेला असताना ते तुला तो सांगायचे, "आमच्या विनयने शेवटच्या क्षणाला," आणि तू वस्तरा थांबवून म्हणायचास, "मग काय झालं, अण्णा?" मी दाराआडून ऐकायचो. दरवेळी ऐकायचो. आत यायचा धीर व्हायचा नाही. कैलास, माझ्या बापाचे शेवटचे महिने तू सुखाचे केलेस. हे तुझ्या तोंडावर एकदा म्हणायचं होतं, पण ते म्हणायचं तर बाकीचंही म्हणावं लागलं असतं, म्हणून तेही राहिलं.

अण्णा गेले तेव्हा माझ्याकडे लपायला काही उरलं नव्हतं. तरी मी दीड वर्षं काढलं. रेणूची बारावी होऊ दे, मग सांगू. दिवाळी होऊ दे, मग सांगू. तू जाशील हे माझ्या हिशेबातच नव्हतं. पंचेचाळिशीही गाठली नव्हतीस.

तुझा तेरावा झाला त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी शेंद्र्याला आलो. घरात पाहुणे उरले नव्हते. संगीतावहिनींनी चहा ठेवला. रेणू मधल्या दारात उभी होती, कॉलेजच्या संघाची जर्सी अंगात. तू गेल्यापासून ती त्याच जर्सीत वावरते, असं वहिनी म्हणाल्या. मी कप खाली ठेवला आणि सगळं सांगितलं. गोळा, भीती, नाक, जर्सी, तू थांबून मारलेला गोल, कागद, सर, पेढे, यादी. स्मशानातलंसुद्धा सांगितलं. सांगताना वर बघितलं नाही.

वहिनींनी पदराने डोळे पुसले. म्हणाल्या, "भाऊजी, कामून असं बोलू लागले तुम्ही? लगीन झाल्यापासून ऐकू लागले मी. ह्यांचं नाक फुटलं म्हणून ह्यांना बाहेर बसावं लागलं आन् तुम्ही गोल मारला. बाकावरून समदं दिसत व्हतं म्हणायचे. तुमची पाठ दिसली, पाठीवर सात दिसला."

तू त्यांना माझं सांगितलं होतंस. बाकावरून मला जे दिसलं, ते मी कधीतरी तुला सांगितलं असणार, आणि तू ते तुझं म्हणून घरात सांगत राहिलास, म्हणजे माझी गोष्ट कुठूनच उसवू नये. आपल्याच बायकोला तू सांगितलंस की मी बाहेर बसलो होतो.

"गेलेल्या माणसाला मान द्यायला असं बोलू लागले तुम्ही," वहिनी म्हणाल्या. "लई मोठं मन हाय तुमचं." आणि त्यांनी बिस्किटांची बशी माझ्याकडे सरकवली.

आता हेही लिहून टाकतो. त्या क्षणी मला हलकं वाटलं. सांगून झालं होतं, कुणी विश्वास ठेवला नव्हता, आणि माझ्या अंगाला काही लागलं नव्हतं. मी बिस्कीट उचललंसुद्धा.

"आई, काका खरं सांगतायत," रेणू म्हणाली.

वहिनींनी तिच्याकडे पाहिलं.

"पप्पा तो गोल सांगायचे ना, ते चेंडू पायात येईपर्यंतच सांगायचे. पुढचं कधीच नाही. बाकावरून सगळं दिसलं असतं, तर तेही सांगितलं असतं. मी किती वेळा विचारलं, मारला कसा? म्हणायचे, ते विनयकाकाला इचार, तो सांगंल." मग ती माझ्याकडे वळली. रडत नव्हती. मैदानात ज्या नजरेने तू समोरच्याकडे बघायचास, त्याच नजरेने बघत होती. "मी विचारणारच होते तुम्हाला. आता सांगा. गोलकीपर अंगावर आला तेव्हा पप्पा थांबले कामून? त्यांना काय दिसलं होतं?"

बिस्कीट माझ्या हातात तसंच राहिलं. ज्या गोलवर माझं सगळं आयुष्य उभं आहे, तो मी शेकडो वेळा, शेकडो लोकांना सांगितला होता. पण तू का थांबलास, हे मला माहीत नव्हतं. बावीस वर्षांत मी तुला ते एकदाही विचारलं नाही, कैलास.